मिराचे दुधाचे दात

७ जानेवारी १९७४, डोंगरकडा

हिंगोलीच्या शेषराव खिल्लारे वकिलांनी सांगितलं म्हणून ही डायरी लिहायला घेतली. डायरी फुकटची आहे. ढोरांच्या औषधांचा एजंट दर जानेवारीत दवाखान्यात दोन ठेवून जातो, एक डॉक्टरसाहेबांना आणि एक मला. मी कंपाउंडर, पण बाजारात लोक मलाच ढोराचा डाक्टर म्हणतात. मी कधी कुणाला दुरुस्त केलेलं नाही.

वकील म्हणाले, "लालसिंगराव, लेकीला भेटायला गेलात की त्या दिवशीचं लिहून ठेवायचं. भेटू दिलं का न्हाई, काय बोलणं झालं. फक्त मुद्द्याचं. कोर्टात कामाला येतं." मग बाकीचं सांगितलं. ठरलेल्या दिवशी जायचंच, दारातून परत लावलं तरी. मेव्हण्याशी भांडायचं नाही. लेकरासमोर तिच्या आईबद्दल वाकडा शब्द काढायचा नाही. आणि तुला कुणाजवळ राहायचं, हे लेकराला चुकूनही विचारायचं नाही. "लेकराला साक्षीदार करू नका. तुमी केस जिंकाल आन पोरगी हाराल."

तर मुद्दा असा. गेल्या उन्हाळ्यात तांड्याच्या पंचायतीत माझी आणि नीलाची काडीमोड झाली. नायक पुनमचंद म्हातारे आहेत, त्यांचा सगळा जन्म बैलांच्या बाजारात गेला. त्यांनी सगळ्यांसमोर काडी मोडली आणि मिराचा निकाल दिला, "पोरगी दुधाचे दात पडंपर्यंत मायजवळ. मंग बापाची." तारीख नाही, साल नाही. जनावराचं वय दातावरून सांगणारी आम्ही माणसं, आम्हाला ते बराबर वाटलं. मान हलवून उठलो.

मागच्या महिन्यात मिराचा पहिला दात पडल्याचं कळलं. मी रजा टाकून गोरेगावच्या तांड्यावर गेलो, तर नीलाचा भाऊ धर्मसिंग दारात आडवा उभा. म्हणाला, "एक पडला म्हंजे दात पडले व्हय? समदे पडू दे, मंग ये." सगळे दात पडेपर्यंत पोरगी बारा वर्षांची होईल! नायकांना विचारलं तर ते म्हणाले, "मी इतकं बारीक बोललोच न्हवतो." म्हणून कोर्ट.

बरंच लिहिलं. यातलं मुद्द्याचं किती, कोण जाणे.

१४ जानेवारी

संक्रांत. आज भेटू दिलं. धर्मसिंग समोर बाजेवर बसून होता, पण बोलला नाही. नीला घराबाहेर आली नाही. आत भाकरी थापत होती. दिसली नाही, पण तिच्या हातभर पांढऱ्या बांगड्या थापताना वाजतात, तो आवाज मला हजारात ओळखू येतो. दोन थाप आणि मध्ये जरा थांबते, पीठ लावायला.

मिराला ऊस नेला होता आणि बोरं. ऊस आमच्या पोरीचा जीव की प्राण. मागच्या वर्षी कांडं सोलून दिलेलं तिला चालायचं नाही, स्वतः दातानं सोलायची आणि सगळ्या अंगणात चोयट्या करायची. आज मात्र कांडं हातात धरून नुसती उभी राहिली. "खा की," म्हटलं तर मान हलवली. बोरंसुद्धा ओढणीच्या टोकाला बांधून ठेवली. माझ्या हातचं खात नाही, म्हणजे तिच्या मनात काय काय भरवलं असेल या लोकांनी!

मग म्हटलं, "दाखव बरं दात कसा पडला." मी रोज ढोरांचे ओठ वर करतो, तसाच हात पुढं गेला. तिनं ओठ गच्च मिटले, वरून तळहात दाबला आणि पळाली. लाजली असेल.

निघताना ती पुन्हा आली. वकिलांनी विचारायचं नाही म्हणून सांगितलं होतं तेच मी विचारलं. "मिरा, तुला याडीजवळ राहायचं का माझ्याजवळ यायचं?" ती बराच वेळ माझ्या चपलेकडं बघत राहिली. मी काय ऐकायला विचारलं होतं, ते मलाही सांगता येणार नाही.

३ फेब्रुवारी

गेलो. धर्मसिंग म्हणाला, पोरीला ताप आहे. मिरा कुडाच्या फटीतून बघत होती, तिचा एक डोळा दिसत होता. तापलेल्या लेकराचा डोळा तसा नसतो. भांडलो नाही. परत आलो.

८ मार्च

होळी. तांड्यावर गेलो नाही. काडीमोड झालेला जावई होळीला सासरच्या तांड्यावर गेला तर हसं होतं. इथं डोंगरकड्यात होळी म्हणजे शेणाच्या गोवऱ्या पेटवल्या आणि आपापल्या घरी गेले. आमच्याकडं माझा डफावर हात पडला की रात्र संपायचं नाव घेत नसे. तो डफ नीलाकडंच राहिला.

नीला नाचायला कधी पुढं सरसावायची नाही. बाकीच्या बायांनी ओढलं की मग यायची, आणि एकदा आली की बाकीच्या मागं सरायच्या. तिचा फेटिया, म्हणजे आमच्या बायांचा तो घेरदार, आरशांचा घागरा, गिरकी घेताना आगीचे तुकडे सगळ्यांच्या अंगावर फेकायचा. लग्नात सासरी निघताना ती रिवाजाप्रमाणे बैलाच्या पाठीवर उभी राहून रडत गायली होती. तो बैल आमच्या बापानं औंढ्याच्या बाजारातून आणला होता आणि भारी बुजरा होता. सगळे जीव मुठीत धरून उभे होते. बैल जागचा हलला नाही. बाप म्हणाला, "ह्या पोरीचा आवाज जनावराला कळतो."

बहात्तरच्या दुष्काळात दोघं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होतो. माझी नोकरी तेव्हा लागायची होती. मिरा बाभळीला बांधलेल्या झोळीच्या सावलीत खेळायची. दुपारी सुकडी मिळायची, ती नीला अर्धी मिराला आणि अर्धी मला द्यायची आणि स्वतःला गोड आवडत नाही म्हणायची. वाईट दिवस होते असं सगळे म्हणतात. मला त्या दिवसांची आठवण आली की बरं वाटतं, हे कुणाला सांगायची सोय नाही.

मग नोकरी लागली, डोंगरकड्याला क्वार्टर मिळालं. मी नीलासाठी जरीकाठाची हिरवी साडी आणली. साहेबाच्या घरी जाणं-येणं होणार, चार लोक बघणार, तिथं फेटिया घालून कसं चालेल? ती म्हणाली, "मी अशीच येते." मी म्हटलं, साडी नेस आणि चल. ती म्हणाली, "मंग मी येत न्हाई." एवढ्यावरून सगळं. इतकी हट्टी बाई मी दुसरी पाहिली नाही. जाताना ती साडी मात्र घेऊन गेली. नेसायची नव्हती तर नेली कशाला?

१ एप्रिल

वकिलांना डायरी वाचायला दिली. त्यांनी अर्धी वाचली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "लालसिंगराव, ही कोर्टात दाखल केली तर पलीकडचा वकील माझ्या घरी पेढे घेऊन येईल. हे समदं तिच्या बाजूचं हाय." मी म्हटलं, "मी तिचा हट्टीपणाही लिहिला आहे की." ते हसले आणि डायरी परत दिली. हसण्यासारखं काय होतं, कळलं नाही.

मग समजावून सांगितलं. तारखेला जज्जसाहेब मुलीला समोर बोलावतील. ती तुम्हाला बघून खुशीनं धावत आली तर अर्धं काम झालं. बुजली, मागं सरली, तर वर्षातून एकदा भेटणंही अवघड करून ठेवतील.

१४ एप्रिल

आईला म्हटलं, परभणीला कोर्टात येशील तर साडी नेस, मी मागून आणतो. आई म्हणाली, "तुझा जज्ज मला नेसवायला येणार हाय का?" आई येणार नाही. बरंच झालं.

१६ एप्रिल, परभणी

लॉजवर बसून लिहितो आहे.

नीला बायकांच्या बाकावर बसली होती. फेटिया, कांचळी, हातभर बांगड्या, सगळं. कोर्टातले शिपाई, कारकून, सगळे वळून वळून बघत होते. मी पांढरा शर्ट, पँट घालून वकिलांच्या मागं. जज्जसाहेब पुण्याकडचे, शांत माणूस. दाताचा निकाल ऐकून त्यांना हसू आलं. म्हणाले, "कायद्यात दातांचा हिशेब नाही." मग म्हणाले, मुलीला आणा.

मिरा दारातून आली. संक्रांतीनंतर मला तिला भेटू दिलंच नव्हतं. ती दोन पावलं आली, मला बघितलं, आणि धावली. माझ्या मनात आलं, जिंकलो. तिनं माझ्या कमरेला मिठी मारली आणि मोठ्यानं रडायला लागली.

नुसतं रडणं नव्हे. ढावलो. आमच्या बाया पुष्कळ दिवसांनी आपल्या माणसाला भेटल्या की गळ्यात पडून सूर लावून रडतात आणि रडत रडत मागचं सगळं सांगतात. कोण मेलं, कोण आलं, गाय व्याली का, तू कुठं होतास. मिरा हे तिच्या आजीकडून शिकली असणार. एवढीशी पोरगी, पण हात कसा धरायचा, मान कशी खांद्यावर टाकायची, सगळं बायांसारखं. खांदा उंच पडला म्हणून तिनं मान माझ्या पोटावर टाकली होती. शर्ट ओला झाला. दातांबद्दलही काही म्हणत होती, पण रडण्यात मला नीट उमगलं नाही.

जज्जसाहेब मान खाली घालून लिहायला लागले आणि कारकुनाला म्हणाले, "मुलगी वडिलांना पाहून भयभीत झाली व आक्रोश केला, असं घ्या."

पलीकडचा वकील लगेच उठून म्हणाला, "साहेब, आम्हाला आणखी काही दाखवायचं नाही." माझे वकील माझ्याकडं बघायला लागले. त्यांना ढावलो काय माहीत असणार? मला माहीत होतं. दोन वाक्यं बोलली असती तर झालं असतं. पण तांड्यावरचं रडणं त्या उंच छताखाली मराठीत कसं सांगायचं, ते मला सुचेना. सगळे आम्हा दोघांकडं बघत होते.

तेव्हा बांगड्या वाजल्या. नीला उभी राहिली.

"सायेब, तसं लिवू नका. ती भिऊन न्हाई रडून राहिली."

तिच्या वकिलानं हातानं खाली बस म्हणून खूण केली. मागून धर्मसिंग ओरडला, "नीला, गप बस!"

"आमच्यात असंच भेटतेत," नीला म्हणाली. "लई दिसानं आपलं माणूस भेटलं का बाया रडतेत. परक्यासाठी कुनी रडत न्हाई. ती म्हणून राहिली, बा, तू होळीला काहून आला न्हाईस. तुझ्या डफाला धूळ लागली. माझ्याशी बोलायला कुनी न्हाई."

जज्जसाहेब म्हणाले, "बाई, तुम्ही जे सांगताय ते तुमच्याच विरुद्ध जाईल. समजतं का?"

"समजतं. पर तिच्या रडण्याला तुमी खोटं लिवलं, तर ती पुन्हा कुनासाठी रडंल का?"

जज्जसाहेबांनी लिहिलेलं खोडलं. पुढची तारीख पडली. बाहेर व्हरांड्यात नीला माझ्या शेजारून गेली. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "बस कितीची आहे?" ती म्हणाली, "दुपारची." आणि गेली.

२३ जुलै

निकाल लागला. मिरा आईजवळ राहील. दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी माझ्याकडं, शिवाय महिन्यातून एक दिवस भेट. दाताची अट रद्द. वकील म्हणाले, "पूर्ण ताबा न्हाई मिळाला, पर त्या बाईनं तोंड उघडलं नसतं तर हेबी न्हाई." मी पेढे घेतले. मग ते कुणाला द्यायचे, ते कळेना. दवाखान्यात वाटले. डॉक्टरसाहेबांना वाटलं माझी बदली मंजूर झाली. परभणीला बदली मागितली आहे, हे मी विसरलोच होतो.

१० नोव्हेंबर

मिराला आणायला गेलो. गोरेगावच्या स्टँडवर नीला तिला घेऊन उभी होती. मिराच्या अंगावर नवा फेटिया. आधी आरशांकडंच लक्ष गेलं, मग खालचा काठ दिसला. हिरवा, जरीचा. मी आणलेली साडी! कापून पोरीचा फेटिया केला होता.

चांगली साडी फाडली, असं ओठावर आलं होतं. ते गिळलं. म्हटलं, "काठ चांगला बसलाय." नीला म्हणाली, "तिला शोभतंय." मग वाऱ्यानं उडणारी मिराची ओढणी उगाच नीट करत राहिली. बस सुटेपर्यंत ती तिथंच उभी होती. मिरा मागच्या काचेतून बघत होती. मीही बघितलं, पोरीला सांभाळायचं म्हणून.

डोंगरकड्याला उतरल्यावर घरी मागच्या वाटेनंही जाता येतं. आम्ही बाजारातून गेलो. मिरा उड्या मारत चालली होती आणि आरशांचे कवडसे दुकानांच्या फळ्यांवर नाचत होते. दवाखान्याच्या पायरीवर डॉक्टरसाहेब उभे होते. "ही कोण, लालसिंग?" म्हणाले. "माझी मुलगी," म्हटलं. "कपडा तिच्या आईनं शिवलाय." आईबद्दल त्यांनी विचारलं नव्हतं.

१२ नोव्हेंबर

आज सकाळी मिराला ऊस दिला. पुन्हा तेच. कांडं हातात धरून उभी. भाकरीसुद्धा ती दुधात कालवून खाते, हे मला कालच दिसलं होतं. आई म्हणाली, "पोरगी म्हातारीसारखं काहून खाऊन राहिली? इचार तिला."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. हात पुढं केला नाही. म्हटलं, "मिरा, ऊस आवडत न्हाई का आता?"

"आवडतो."

"मग?"

तळहाताआडून म्हणाली, "वरचा हलून राहिला."

"मग पडू दे की."

तिचे डोळे भरले. "समदे पडले का याडीला सोडावं लागतं. धर्मसिंगमामा म्हणला. तुमी समद्यांनी ठरवलंय. खालचे दोन मी लई दाबून धरले, तरीबी पडले. मी काईच कडक खात न्हाई, बा. आता मी तुझ्याकडं आले, म्हंजे माझे समदे पडणार का?"

संक्रांतीचा ऊस. गाठ मारून ठेवलेली बोरं. ओठांवर दाबलेला तळहात. कोर्टात रडताना ती काय म्हणत होती, ते आत्ता कळलं. मी रोज ढोरांची तोंडं उघडून बघतो, आणि माझ्या लेकीच्या तोंडात वर्षभर काय चाललं होतं ते मला दिसलं नाही. आई पदर तोंडाला लावून आत गेली.

मग म्हटलं, "दातांचं आता काही नाही, बाळा. जज्जसाहेबानं ते मोडीत काढलं. सगळे पडले तरी तू याडीचीच. आणि एकही पडला नाही तरी माझीच."

"कागदावर लिवलंय?"

"शिक्का मारून."

"याडीला ठावं हाय?"

"हाय. मामालापण हाय. तुलाच सांगायचं राहिलं."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं, बाजारात बैल घेणारा बघतो तसं. मग कांडं तोंडात घातलं आणि कडकन चावलं. अंगणात चोयट्या पडायला लागल्या. तिसऱ्या-चौथ्या घासाला थांबली, थुंकली, आणि लालभडक हसली. हातात दात होता.

"खालचे दोन याडीच्या छपरावर टाकले," म्हणाली. "हा तुझ्या."

तिनं फेकला. दात कवेलूंवर खडखडत आला आणि खाली पडला. पुन्हा फेकला, पुन्हा आला. म्हणाली, "तुझं छप्पर घेऊन न्हाई राहिलं." मी शिडी लावली, वर चढलो, एक कवेलू उचललं आणि त्याखाली दात ठेवला. वरून दवाखाना दिसत होता, बाजार दिसत होता, हिंगोलीकडं जाणारा रस्ता दिसत होता. बदलीचा अर्ज उद्या मागं घेतो. आता हे घर कसं सोडणार?

सुट्टी संपली की मिराला पोहोचवायला मीच जाणार. नीलाला एक विचारायचं आहे. यावेळी बस कितीची आहे, हे नाही. काय विचारायचं ते इथं लिहीत नाही, वकील म्हणतील मुद्द्याचं नाही.

खाली उतरलो तेव्हा मिरानं दुसरं कांडं घेतलं होतं आणि आई तिला म्हणत होती, हळू खा.